वाघिणींच्या गावाहून पेंग्विनच्या गावी

आमचे नांदेडचे साडू अंटार्क्टिकाला जाऊन आले. साडू हे नातं असं आहे, की त्यानं तिरुपती केलं की आपल्याला निदान काशी तरी करावी लागते. त्यामुळं ही बातमी कळली त्या रात्री आमच्या लातूरच्या घरात जेवणं फार शांततेत झाली. "तुम्ही मला दोन वर्षांपासून औशाचा किल्ला दाखवणार होतात," एवढंच ही म्हणाली. औसा आमच्यापासून वीस किलोमीटर.

साडू ज्या खात्यातून निवृत्त झाले त्या खात्याचा पाण्याशी संबंध असतो, भेट मात्र क्वचित होते. तेहतीस वर्षं कोरड्या चाऱ्यांची मापं घेतल्यावर माणसाला एकदा तरी भरपूर पाणी एका जागी बघावंसं वाटणारच. जगातल्या गोड्या पाण्यापैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास अंटार्क्टिकाच्या बर्फात आहे. तेव्हा ही सहल नव्हती, राहून गेलेली स्थळपाहणी होती.

"क्रूझ नाही, एक्स्पिडिशन क्रूझ," त्यांनी पहिल्याच वाक्यात मला सुधारलं. साध्या क्रूझवर पैसे भरून सुख मिळतं. एक्स्पिडिशन क्रूझवर त्याहून जास्त पैसे भरून गैरसोय मिळते. जहाज उद्या कुठं थांबणार हे आज कुणी सांगत नाही. वारा बघून, बर्फ बघून ठरतं. एक बेत फसला तर दुसरा. मग अवेळी स्पीकर खरखरतो, "उतरायची तयारी करा," आणि हातातला चहा टाकून सगळे पळत सुटतात.

हे वर्णन मला फार ओळखीचं वाटलं. आमच्या गल्लीत हेच काम वॉल्व्हमन करतो. आठ-दहा दिवसांनी, वेळ न सांगता, आणि डॉलर न घेता. लातूरचा माणूस जन्मल्यापासून एक्स्पिडिशनवरच असतो. फक्त त्याला जहाजावरच्यासारखं लाल जाकीट मिळत नाही.

तर साडू नांदेडहून देवगिरी एक्सप्रेसनं मुंबईला, तिथून विमानं बदलत अर्जेंटिनात, आणि मग उश्वाया नावाच्या बंदरावरून जहाजात. पुढं दोन दिवस ड्रेक सामुद्रधुनी. समुद्र निजला असला तर तिला 'ड्रेक लेक' म्हणतात, खवळला तर 'ड्रेक शेक'. यांच्या वाट्याला शेक आला. अर्धं जहाज कानामागं औषधाच्या पट्ट्या चिकटवून आडवं झालं आणि साडू रेलिंग धरून धपाटे खात उभे. एका जर्मन प्रवाशानं यामागचं रहस्य विचारलं. साडू म्हणाले, "लोहा ते माळाकोळी. जुना रस्ता, पावसाळा, शेवटचं सीट."

खरी परीक्षा मात्र किनाऱ्याच्या आदल्या दिवशी झाली. अंटार्क्टिकात बाहेरचं बी, माती, किडा काही जाऊ नये म्हणून प्रत्येकाचे कपडे, बॅगा, खिसे व्हॅक्यूमनं झाडतात, बूट जंतुनाशकात बुडवतात. एक तरुण पोरगी साडूंच्या पायाशी बसली, चिमटा घेतला आणि त्यांच्या लोकरी मोज्यातून हळूच एक कुसळ उपसून काढलं. गावाकडच्या बांधावरचं कुसळ. मुंबई ओलांडून, तीन विमानतळांच्या तपासण्या चुकवून ते पृथ्वीच्या टोकापर्यंत आलेलं. तिनं ते उजेडात धरलं, पाकिटात बंद केलं. "इतक्या आदरानं आपल्याकडं पीक पंचनामासुद्धा होत नाही," साडू म्हणाले.

मग नियम. एका वेळी किनाऱ्यावर शंभराहून जास्त माणसं नकोत. पेंग्विनपासून पाच मीटर लांब. पेंग्विन चालत आला तर आपण थांबायचं, वाट त्याची. मी म्हटलं, यात नवल काय? मार्च २०१६मध्ये आमच्या लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती आणि टँकर भरायच्या ठिकाणी कलम १४४ लागलं होतं, पाचपेक्षा जास्त माणसं जमायची नाहीत. तिकडं पेंग्विनला माणसांपासून वाचवण्यासाठी जमावबंदी, इकडं टाकीला.

आणि वन्यजीवनाचं म्हणाल तर आम्हीही बघितलंय. १२ एप्रिल २०१६ला पहाटे मिरजेहून दहा वाघिणी आल्या. एकेकीच्या पोटात पन्नास हजार लिटर. मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण का म्हणतात ते त्या दिवशी कळलं, कारण तिच्या दर्शनाला लोक ताडोबात करतात तशी गर्दी करून उभे होते. पुढं कळप वाढून पन्नासाचा झाला. त्याच वर्षी जुलैत मुंबईच्या राणीच्या बागेत सोलहून आठ पेंग्विन उतरले. एकाच राज्यात एकाच वर्षी एका गावाला पाणी आणि एका शहराला पेंग्विन आणावे लागले. पेंग्विनचा मुक्काम आधीपासून वातानुकूलित तयार होता एवढाच फरक.

"पण पेंग्विन आपल्यातलेच वाटतात हो," साडू हळवे झाले. अॅडेली जातीचे पेंग्विन खड्यांची घरटी करतात आणि शेजारी जरा इकडं तिकडं बघू लागला की त्याच्या घरट्यातला खडा उचलून आपल्यात लावतात. म्हणजे बांध कोरणं. फरक एवढाच, की तिथं मोजणीची तारीख पडत नाही. माणसाला मात्र एक खडासुद्धा उचलायची परवानगी नाही. हे सांगताना साडूंचा आवाज कापला. ते राहतात त्या नांदेडात गोदावरीच्या पात्रातून रात्रीतून हायवाच्या हायवा वाळू निघते. सकाळी पथक येतं, तराफे जाळतं, फोटो काढतं. रात्री नवे तराफे.

हिमनगावर येताच त्यांच्यातला अभियंता जागा झाला. २००० साली अंटार्क्टिकाच्या कडेचा एक तुकडा सुटला, बी-१५ नावाचा, सुमारे अकरा हजार चौरस किलोमीटर. नांदेड जिल्हा साडेदहा हजारांचा. म्हणजे त्या बर्फावर सोळा तालुके बसवून वर पालकमंत्र्यांच्या बंगल्याला जागा उरली असती. असा हिमनग ओढून तहानलेल्या देशात न्यायचा विचारही जुना आहे. सौदीच्या एका राजपुत्राच्या पुढाकारानं १९७७मध्ये अमेरिकेत आयोवा राज्यात त्यावर परिषद भरली. अलास्काहून बर्फाचा मोठा ठोकळा आणला गेला. चर्चा झाली आणि बर्फ पाहुण्यांच्या पेल्यांत गेला. पाणीपरिषदा तिकडंही आपल्यासारख्याच होतात म्हणायच्या.

साडूंनी कागदावर आराखडाच काढला. हिमनग रत्नागिरीला लावायचा, घाटातून मिरज, मिरजेहून वाघिणी आहेतच. मी विचारलं, "पोचेपर्यंत वितळणार नाही?" ते म्हणाले, "वितळू द्या. उजनीच्या पाण्याच्या आधी पोचेल."

गंमत म्हणजे आपला तिकडचा संबंध जुना आहे. डिसेंबर १९८१मध्ये पहिली भारतीय मोहीम गोव्याहूनच निघाली. तिसऱ्या मोहिमेत आपल्या नागपुरात जन्मलेल्या अदिती पंत होत्या. तिथल्या पहिल्या भारतीय तळाचं नाव 'दक्षिण गंगोत्री'. तो काही वर्षांतच बर्फाखाली गाडला गेला. आमची दक्षिणगंगा नांदेडात उन्हाळ्यात उघडी पडते आणि तिची गंगोत्री तिकडं बर्फात पुरली जाते. मध्ये कुठंतरी पाणी चोरीला गेलं असणार.

परवा रविवारी साडूंनी आमच्याकडं फोटोंचा कार्यक्रम ठेवला. भिंतीवर चादर, समोर चौदा नातेवाईक, बाहेर बेचाळीस अंश. चादरीवर निळसर हिमनग झळकला. "नऊ दशांश पाण्याखाली," साडू सांगू लागले. सासूबाई पुढच्या खुर्चीत होत्या. त्यांनी मान पुढं केली.

"जावईबापू, हे सगळं गोडं पाणी?"

"हो, आई. पिण्यायोग्य."

"मग येताना एक घागर भरून नाही आणलीत?"

"तिथून काहीच आणू देत नाहीत. खडासुद्धा नाही."

"असं होय," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून तिथं अजून शिल्लक आहे."

तेवढ्यात अंगणातल्या नळानं घरघर केली. नववा दिवस होता. क्षणात खोली रिकामी झाली. बादल्या, ड्रम, पाइप, मोटर. चादरीवर एक पेंग्विन बर्फाच्या कडेवर उभा राहून पाण्यात उडी मारावी की नाही याचा विचार करत होता. साडूंनी त्याच्याकडं एकदा बघितलं, रिमोट सोफ्यावर टाकला आणि अंगणात सगळ्यांच्या पुढं जाऊन, पाच मीटरचं अंतर अजिबात न पाळता, आपली घागर नळाखाली लावली.