सत्तर ग्रॅमचा संसार

लेन्स घेताना माणूस किंमत बघतो, धार बघतो, शेजाऱ्याकडे कुठली आहे तेही बघून घेतो. वजन लक्षात येतं ते पुढे आंबोलीत. पावसाळी रात्र, मानेत कळ, बुटात पाणी आणि समोर पानाच्या कडेवर बेडूक.

त्यामुळे हल्ली मी कुठलीही वस्तू आवडली की आधी ग्रॅम विचारतो. मुंबईत एका दुकानदाराने शांतपणे विचारलं, "साहेब, रद्दीत घालायचीय का?" घरी केकसाठी आणलेल्या काट्यावरही आता मैद्यापेक्षा काचाच जास्त चढतात.

आमच्या कंपूतले मॅनेजरसाहेब (बँकेतून निवृत्त, हुद्दा मात्र चालू) कॅननची शंभर मिलिमीटरची एल मॅक्रो लेन्स बाळगतात. लेन्स अव्वल, वादच नाही. ती एकटी ६२५ ग्रॅमची. बॉडी आणि फ्लॅश धरून ऐवज दीड किलोच्या पुढे जातो. एवढी भाजी तर आपण रोज आणतो, असं वाटतं. पण भाजीची पिशवी कुणी नाकासमोर, श्वास रोखून, कोपरं बरगड्यांना चिकटवून धरत नाही.

"अहो, स्टॅबिलायझर आहे ना!" असं साहेब म्हणतात. आहे की. पण कॅननच्याच आकड्यांप्रमाणे एरवी चार स्टॉपची मदत करणारा हा गडी, किडा मूळ आकारात टिपायचा म्हटला की दोनवर येतो. शिवाय आपण पुढे-मागे डुलतो त्याला त्याच्याकडे इलाज नाही. आणि इथे सगळा खेळ त्या डुलण्याचाच. फुल फ्रेमवर, एक-एक प्रमाणात, एफ ८ ला जेमतेम एक मिलिमीटर जागा स्पष्ट येते. जांभई आली की कोळ्याचे डोळे गेले आणि मागच्या तंगड्या लखलखीत!

माझा संसार सत्तर ग्रॅमचा. रेनॉक्स डीसीआर २५० नावाचं चिमटेवालं भिंग ५२ ते ६७ मिलिमीटरचं तोंड असलेल्या लेन्सवर टचकन बसतं. ताकद आठ डायॉप्टर, म्हणजे फोकल लेंग्थ १२५. घरातली जुनी झूम २५० वर नेऊन त्यावर हे चढवलं की किडा सेन्सरवर जवळपास दुप्पट होऊन उतरतो. झूम फार मागे घेतली तर कोपरे काळे पडतात. पण कोळ्याला कोपऱ्यात बसवायचंय कुणाला?

एक्स्टेन्शन ट्यूबही वापरून पाहिल्या. त्यांच्यात काच नसते, नुसती हवा. हवेला एवढे पैसे मोजल्याचं मी घरी अजून बोललेलो नाही. ऑलिंपसची साठ मिलिमीटरची मॅक्रो १८५ ग्रॅमची आहे, तिच्यावर जीव जडतो. पण तिच्यासाठी बॉडीच बदलायची म्हणजे घटेल ते घरातलं माझं वजन.

हलक्या सामानाची खरी मजा डाव्या हातात आहे. देठ अंगठा आणि तर्जनीत धरायचं आणि लेन्सचं तोंड त्याच हातावर टेकवायचं. मग वारा आला तरी पान, कोळी, कॅमेरा आणि मी, सगळे एकत्रच हलतो. दीड किलो एका उजव्या हातावर तोलून हे करायला पैलवान लागतो. ट्रायपॉडचं तर नावच नको. त्याचा तिसरा पाय उघडेपर्यंत किडा पुढच्या तालुक्यात! आणि कासच्या पठारावर हे तीन पाय रोवायचे तर तीन ठिकाणी सीतेची आसवं चिरडायची.

उरलेली थरथर फ्लॅश खातो. कमी ताकदीवर त्याचा लखलखाट सेकंदाच्या काही हजाराव्या भागातच आटोपतो, हाताला कापायला वेळच मिळत नाही. फक्त उजेड मऊ हवा. त्यासाठी श्रीखंडाच्या अर्धा किलोच्या पांढऱ्या डब्याला तोड नाही. डबा रिकामा करण्याची जबाबदारी मी छंदापोटी उचलतो. डॉक्टर याला छंद मानत नाहीत.

ठाण्यात सापडलेल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला २०२१ मध्ये हुतात्मा तुकाराम ओंबळे यांचं नाव मिळालं. तेव्हापासून तिथल्या कुंपणांशी हौशी मंडळी उकिडवी बसलेली मला जास्तच दिसू लागली आहेत. मीही बसतो. वॉचमन येतो, डब्याकडे बघतो, माझ्याकडे बघतो आणि विचारतो, "काका, चावी पडली का?"

या हलकेपणात एकच खोट आहे. घाट चढताना साहेब थांबतात, माझे मोकळे हात न्याहाळतात आणि ट्रायपॉड पुढे करत म्हणतात, "तुमच्याकडे काहीच नाहीये, जरा हा धरता का?"