वाळवण, बिगरनिवासी

घरपट्टीची विशेष नोटीस आली की माणूस आधी आकडा बघतो, मग चष्मा पुसतो, मग पुन्हा आकडा बघतो. यंदा आमची नजर आकड्यापर्यंत पोचलीच नाही. अलीकडच्याच रकान्यात अडकली. ‘गच्ची. वापर : बिगरनिवासी.’ सोबत पुराव्यादाखल फोटो. फोटोत लोखंडी कॉट, कॉटवर आईचं जुनं लुगडं, लुगड्यावर कुरडया.

सर्वेक्षणाला आलेल्या पोराचा मी राग धरत नाही. त्याच्या टॅबमध्ये ‘वाळवण’ हा पर्यायच नसेल तर त्याने करावं काय? त्याला उत्पादन दिसलं, त्याने कॉट मोजली. लांबी-रुंदी इंचाच्या हिशोबाने बरोबर आहे. आमच्या लग्नातल्या त्या कॉटकडे इतक्या आस्थेने आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

बिगरनिवासी म्हटलं की दर चढतो, वार्षिक भाडेमूल्य चढतं, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा केले की उरतं ते करयोग्य मूल्य. म्हणजे या कॉटला वर्षाकाठी किती भाडं येईल याचा कुणीतरी सरकारी खर्चाने विचार केला, आणि नवार सैल पडते म्हणून सूटही दिली. वर रोजगार हमी कर लागला, कारण तो बिगरनिवासी मिळकतीला लागतोच. ऐंशीच्या घरातली आमची आई पहाटे उठून गव्हाचा चीक हाटते. आता राज्यातल्या रोजगाराची हमीही तिच्याच अंगावर. वृक्ष कर आहेच. दारातला गुलमोहर रस्तारुंदीत गेला, कर मागे राहिला.

हरकत घेतली. सुनावणीत साहेबांनी फाईल चाळली.

“आजी, कुरडया विकता?”

“विकायच्या कशाला? नातवंडं खातात.”

“एवढ्या?”

“तुमच्याकडे नातवंडं नाहीत वाटतं.”

हे कागदावर आलं नाही. आलं ते एवढंच, की अर्जदाराने कुरडया घरीच खाल्ल्याचा लेखी पुरावा सादर केला नाही. खरं आहे. यापुढे ठेवणार. कुरडई ताटात पडली की खाणाऱ्याची सही, पंगतीतले दोन पंच, तळणीच्या तेलाची पावती जोडून. सांडग्यांची नोंदवही वेगळी. कावळ्याने उचललेल्या कुरडया ‘घट’ या सदराखाली, कावळ्याच्या पूर्ण पत्त्यासह. शेजारच्या वहिनींना वानगी दिली तर तो व्यापार ठरेल, तेव्हा वहिनींनी गच्चीवर यावं, समक्ष खावं आणि ‘मोबदला दिला नाही’ असं लिहून द्यावं. जावई आले तर त्यांचं काय करायचं ते विचारायला मी विभागीय कार्यालयात गेलो होतो. जावयांचं टेबल रजेवर होतं.

आदेश आला : ‘हरकत अंशतः मान्य.’ कॉटखालची जागा निवासी, कॉटवरची बिगरनिवासी. पटत नसेल तर न्यायालयात अपील करा, १५ दिवसांच्या आत, आणि वादातली रक्कम आधी भरून. पुन्हा वाचा. जो कर चुकीचा आहे असं सांगायचं, तो भरल्याशिवाय ते सांगताही येत नाही! आणि भरला नाही तर शास्ती, महिन्याला २ टक्के. वर्षाचे २४ झाले. परवाना असलेल्या सावकारालाही या राज्यात एवढा दर लावायची मुभा नाही. तो निदान रक्कम आधी हातात तरी ठेवतो. इथे चूक त्यांची, माप त्यांचं, निवाडा त्यांचा, आणि अनामत माझी. कुरडईची चेष्टा पुरे झाली. याला राजरोस लुबाडणूक म्हणतात.

आणि तो फोटो. आमच्यापेक्षा उंचावरून काढलाय. डाव्या कोपऱ्यात निळ्या पाटीची कड दिसते, ‘...री बॅच सुरू’ एवढी अक्षरं वाचता येतात. समोरचा क्लास! तीन मजले, सकाळी सहापासून पोरांची रांग, दुचाक्या आमच्या फाटकापर्यंत. सर्वेक्षणाचं पोरगं त्या क्लासचे तिन्ही जिने चढलं, वरून आमच्या कुरडया टिपल्या आणि उतरलं. क्लासची नोंद मी काढून पाहिली. ‘निवासी. मालक स्वतः राहतात.’

मालक परवा कोपऱ्यावर भेटले. सज्जन गृहस्थ. आमची कर्मकहाणी ऐकून त्यांना मनापासून वाईट वाटलं.

“हरकत कसली घेत बसता?” ते म्हणाले. “नोटीस निघायच्या आधी भेटायचं असतं.”