पापण्यांचा मासा

परवा वरोरला एका घराच्या ओट्यावर मी डोळे मिचकावणारा मासा पाहिला. गोष्टीचं पुस्तक होतं, त्या ऑगमेंटेड रिअॅलिटीवालं. पानावर फोन धरला की चित्रातला मासा उठून तरंगायला लागतो. मासा केशरी, पांढऱ्या पट्ट्यांचा. आणि त्याला पापण्या! लांब, काळ्याभोर, करवलीला शोभाव्यात अशा.

घरातल्या आजीचा जन्म मासे विकण्यात गेलेला. तिने चष्मा वर केला. "डोला मिटतं का काय त्याचा?" मिटत होता. माशाला पापणी नसते हे कळायला तिला कुठलंच पुस्तक लागलं नव्हतं. डोळा बघूनच तर गिऱ्हाईक पापलेट उचलतं. टपोरा, चकचकीत असला तर आजचा, आत गेलेला असला तर कालचा. मिटलेल्या डोळ्याचा भाव कसा करायचा? मग कल्ले लाल आहेत का बघायला तिने बोट घातलं, ते थेट स्क्रीनवर. मासा "शाब्बास!" म्हणाला आणि पुढच्या पानावर गेला. कल्ले नव्हतेच. चित्रकाराने एकेक पापणी कोरून बसवली आणि हा जीव श्वास कुठून घेतो तेवढं राहून गेलं.

बरं, घरातल्या पोराने वाचायचं कधी? घरात धड फोन एकच, तो बापाबरोबर बोटीवर जातो. म्हणजे वाचन 1 जून ते 31 जुलै, मासेमारी बंदीच्या 61 दिवसांत, तेही वीज असली तर. उरलेले दहा महिने पोराने 'इथे कॅमेरा धरा' एवढंच वाचायचं, कारण पानावर चित्राशिवाय दुसरं काही छापलेलंच नाही.

अहो, गोष्टीच हव्यात ना? 2021 साली मुरब्याच्या एका बोटीला 157 घोळ मासे लागले, 1 कोटी 33 लाख झाले. कुठल्या परीने कुणाला एवढे दिलेत? पापलेट 2023 मध्ये राज्यमासा झाला, त्याला अर्धं पान नाही. बोंबील तर आ वासूनच जन्माला येतो, त्याचं कार्टून करायलाही लागत नाही. पण नको. समुद्र ओट्यावरून दिसतोय, आणि पोराला समुद्र दाखवायला कुठल्या तरी प्रवाळातला पट्टेवाला पाहुणा आणायचा, तोही नटवून! कागदावरचं उठून उभं राहतं याचं इथे कुणाला कौतुक? शेजारी वाढवणला 76,220 कोटींचं बंदर मंजूर झालंय, तेही कागदावरूनच उठणार.

पुस्तक मुंबईच्या पाहुण्यांनी दिलेलं. आठशे रुपयांचं, मी आजीला सांगितलं.

"किलोला?"