साक्रीवाल्यांच्या घरी स्टॅम्प पेपर

अहो, ऐकलंत का? साक्रीवाल्या वहिनींचे धाकटे दीर आले होते ना परवा, नवापूरमार्गे एसटीनं, हातात पेढ्यांचा बॉक्स! दिवाळीला फोन नाही, सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला नुसता मेसेज, आणि आता पेढे? मी तेव्हाच ह्यांना म्हटलं, सहीचं काम असणार. आणि निघालाच की हो, पेढ्यांच्या पिशवीतून स्टॅम्प पेपर!

सौर पंपाचा हो. सरकारच्या 'मागेल त्याला सौर पंप' योजनेतला. तुम्हाला काय सांगायचं, तुमच्या माहेरी तर चार वावरं सोडली की प्लेटा दिसतात. पण यांचा सातबारा अजून सामाईक. सासरे गेले, भावांची नावं चढली, वाटणी सगळी तोंडी. पंप एकाला घ्यायचा तर बाकीच्यांची ना हरकत लागते. म्हणजे बघा, वहिनींच्या यजमानांचा, आपल्या दादांचा, इकडे सुरतेत उधन्याच्या लूमवर अख्खा जन्म गेला, गावाकडे कोणी विचारत नव्हतं, आणि एका कागदानं त्यांचा भाव केवढा वाढला! दादा पण काय, चष्मा पुसून पुसून तोच कागद वाचत बसले.

तर काय सांगत होते... हं, दादांनी पहिला खडा टाकला. म्हणाले, "अरे, साडेसात एचपीपर्यंत लाईट 2024 पासून माफ केलीय ना सरकारनं? मग सोलर कशाला?" दीर म्हणाले, "माफ आहे हो दादा, पण एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री बाराला कांद्याला पाणी भरायला जातो, एका हातात बॅटरी, एका हातात फावडं. बिलाची माफी बिबट्याला कोण सांगणार?" आता यावर काय बोलणार माणूस? वहिनी स्वयंपाकघरातून डोकावल्या, मला डोळ्यांनी खुणावलं. हो, मी तिथेच होते. विरजण मागायला गेले होते.

आणि गंमत बघा, यांच्याच साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा सव्वाशे मेगावॅटचा सोलर प्रकल्प, 2013 पासून! त्याच उन्हावर एवढी वीज होते आणि यांचे दीर अंधारात साप चुकवत बारे देतात.

बरं, पैसे फार नाहीत. दहा टक्के आपले, बाकीचे सरकारचे. अनुसूचित जाती-जमातीला तर पाचच. अडीच एकरापर्यंत 3 एचपी, पाच एकरापर्यंत 5, त्यावर साडेसात. आता यांचं वावर जेमतेम दोन एकर, पण दीरांना हवा 5 चा. का, तर शेजारच्याकडे 5 चा आहे! (भावकी, दुसरं काय.) आणि सौर पंपाच्या कुसुम योजनेच्या नावानं मोबाईलवर खोट्या लिंका फिरतात, त्यावर पैसे भरू नका म्हणून मी आधीच बजावलं. माझं कोण ऐकतंय म्हणा...

मग दीर लागले शेजाऱ्याच्या पंपाचं कौतुक सांगायला. सकाळी नऊनंतर जोर धरतो, चारला मलूल होतो, आभाळ आलं की धार बोटाएवढी. पाच वर्षं दुरुस्ती कंपनीकडे. आणि त्या कंट्रोलरच्या डब्यात म्हणे सिमकार्ड असतं, मोटर चालू का बंद ते लांब बसून दिसतं! काय व माय! म्हणजे मोटर बंद ठेवून लग्नाला गेलं तरी ऑफिसात कळणार!

इतक्यात आल्या ना आपल्या समोरच्या गुजराती बा. त्यांचं माहेर खेडा जिल्ह्यातलं, ठासरा तालुका. सगळं ऐकून घेतलं, आणि एकच विचारलं, "पाणी भरून झालं, पछी शुं?" दीर म्हणाले, "मग काय, बंद." बा म्हणाल्या, "बंद? आणि ऊन वाया?" अहो, त्यांच्या माहेराजवळ ढुंडी म्हणून गाव आहे, तिथल्या सहा शेतकऱ्यांनी 2016 साली सोलरची सहकारी मंडळीच काढली! पूर्वी डिझेलवर पाणी ओढायचे. आता स्वतःचं पाणी भरून उरलेली लाईट मध्य गुजरात वीज कंपनीला विकतात, युनिटला 4 रुपये 63 पैसे, करार पंचवीस वर्षांचा. बदल्यात तेवढी वर्षं सवलतीचं कनेक्शन मागायचं नाही, असं लिहून दिलंय. उगाच पाणी उपसत बसण्यापेक्षा लाईट विकलेली बरी, म्हणून पाणीही जपून वापरतात.

दीरांचा चेहरा असा पडला म्हणता! आपल्या गावाकडचा पंप तारेला जोडलेलाच नाही ना, विकणार कुठून? कांदा निघाला की प्लेटा नुसत्या ऊन खात पडायच्या. मला विचाराल तर खरी गोम तिथंच आहे, पण माझं कोण... आणि दादांचा चेहरा? तो खुलला! म्हणे, "बघ, आम्ही सुरतवाले उगाच प्रश्न विचारत नाही." प्रश्न विचारला बांनी, मिशीवर ताव यांचा.

सही? झाली हो. पण वहिनींनी आधी वदवून घेतलं. म्हणाल्या, "भाऊजी, आमच्या वाट्याच्या तुकड्यालाही पाणी द्यायचं, आणि दरवर्षी एक गोणी कांदा इकडे पाठवायचा. कागदावर नको, बांसमोर बोला." दीर बोलले. बांनी मान डोलावली. मग वहिनींनीच पेन आणून दिलं.

आणि निघताना दीर काय म्हणाले माहितेय? "वहिनी, गोणी पाठवतो, पण एसटीचं लगेज तुमच्याकडे."