फोन उचलला तोच पुढारी

धाराशिव जिल्ह्यात एखाद्या पोराने राजकारणात पडायचं ठरवलं की घरातली जाणती माणसं त्याला भाषण शिकायला सांगतात, मुंबईत ओळखी काढायला सांगतात, जमलं तर एखादी शिक्षणसंस्था काढायलाही सुचवतात. हे सगळे सल्ले आता कालबाह्य झालेत. खरा सल्ला एकच: मोबाइल चार्ज ठेव आणि वाजला की उचल.

पटत नसेल तर 4 जून 2024 चा लोकसभेचा निकाल काढून बघा. ओमराजे निंबाळकर 3,29,846 मतांनी निवडून आले. एवढी मतं कशाला दिली म्हणून पारावर विचारलं, तर कुणी संसदेतलं भाषण सांगत नाही. "फोन उचलतो," एवढंच सांगतात. विजेचा डीपी जळाला, लाव फोन. पीकविमा आला नाही, लाव फोन. रात्री अकराला सरकारी दवाखान्यात खाट मिळेना, लाव फोन. खासदार काय स्वतः येऊन डीपी बसवत नाही, पण पलीकडून "बोला" ऐकू आलं की निम्मा अंधार तिथंच जातो. प्रचारात विरोधकांनी चिडून विचारलं, की नुसता फोन उचलून विकास होतो का? प्रश्न बिनतोड होता. मतदाराने उत्तर देण्याच्या भानगडीत न पडता बटण दाबलं.

या जिल्ह्याला सातत्याची आवड जुनीच आहे. उस्मानाबादचं धाराशिव झालं तरी शेळी अजून उस्मानाबादीच आहे, आणि तिच्याइतका भरवशाचा प्रतिनिधी या मातीने दुसरा दिला नाही. ती रुबाबदार नाही, दुधाचे विक्रम करत नाही. पण दुष्काळात बोराटीच्या पाल्यावर तग धरते आणि बऱ्याचदा जुळी देते. पद्मसिंह पाटलांना याच मतदारांनी 1978 पासून 2009 पर्यंत सलग विधानसभेत पाठवलं. म्हणजे आम्ही एकदा धरलं की सोडत नाही. सोडलं की मात्र मागे वळूनही बघत नाही.

उलट चमकदार कामगिरीचं काय होतं तेही आम्ही पाहिलंय. मार्च 2017 मध्ये आमचे तेव्हाचे खासदार रवींद्र गायकवाड यांनी विमानात चप्पल काढली आणि एका दिवसात जिल्हा देशभर पोचला. कर्मचाऱ्याला पंचवीस वेळा मारली, हा आकडाही त्यांनी स्वतःच जाहीर केला. खासदाराने एवढी नेमकी आकडेवारी देण्याचे प्रसंग तसे कमीच. विमान कंपन्यांनी त्यांच्यावर बंदी घातली, बातम्यांना तोटा राहिला नाही. 2019 ला पक्षाने तिकीट दुसऱ्यालाच दिलं. विमानाचं नव्हे, लोकसभेचं.

त्या मानाने आमचे आमदार कैलास पाटलांनी काय केलं? जून 2022 मध्ये शिवसेनेच्या बंडखोर आमदारांच्या गाड्या गुजरातच्या दिशेने निघाल्या, तेव्हा हा माणूस वाटेतच उतरला आणि भर पावसात उलटा चालू लागला. थोडं पायी, थोडं कुणाच्या तरी मोटारसायकलवर, पुढे मालट्रकमध्ये बसून तो मुंबईला परत आला. म्हणजे केलं काय, तर आधी होता तिथंच जाऊन बसला. एरवी याला कुणी पराक्रम म्हटलं नसतं. पण त्या आठवड्यात जागेवर राहणारा माणूस शोधावा लागत होता, त्यामुळे आमच्याकडे तो दंतकथेत गेला.

इथं मला एक सिद्धांत सुचला होता: धाराशिवचा मतदार हुशारीला नव्हे, सातत्याला मत देतो. 23 नोव्हेंबर 2024 ला दुपारपर्यंत त्याची वाट लागली. धाराशिवमध्ये कैलास पाटील आले, म्हणजे सिद्धांत बरोबर. उमरग्यात तीन वेळा सलग निवडून आलेले ज्ञानराज चौगुले प्रवीण स्वामींकडून हरले. ते बंडखोरांसोबत गुवाहाटीला गेले म्हणून हरले असं धरलं, तरी सिद्धांत बरोबरच. पण तानाजी सावंतही गुवाहाटीलाच गेले होते आणि ते परंड्यात निवडून आले. 1,509 मतांनी का होईना, आले. सिद्धांत परंड्याच्या वेशीवर पंक्चर झाला. तुळजापूरने तर कहर केला. मे महिन्यात ओमराजेंच्या मशालीला आघाडी देणाऱ्या या तालुक्याने नोव्हेंबरात भाजपच्या राणाजगजितसिंह पाटलांना भरघोस मतांनी निवडून दिलं. मतदार तेच, मतदान केंद्रं तीच. मधल्या सहा महिन्यांत भवानीमातेने दृष्टांत दिला की लाडक्या बहिणीचा हप्ता जमा झाला, यावर स्टँडसमोरच्या कँटीनमध्ये अजून दोन गट आहेत.

घड्याळाचीही गंमत सांगायला हवी. लोकसभेला महायुतीच्या उमेदवार होत्या अर्चना पाटील. नवरा म्हणजे हेच राणाजगजितसिंह, भाजपचे आमदार; त्यांच्या हातावर मात्र राष्ट्रवादीचं घड्याळ. समोर ओमराजे, नात्याने दीर. वर्तमानपत्रांनी दीर-भावजयीची लढत म्हणून मथळे केले. त्यातून मतदारसंघाचं नाव आयोगाच्या यादीत अजून उस्मानाबादच. म्हणजे धाराशिवच्या माणसाने उस्मानाबादचा खासदार निवडायचा, घरातल्या भांडणात पंच व्हायचं, आणि वर विचारायचं की वारं कुणीकडचं आहे! मला विचाराल तर पुण्या-मुंबईचे लोक तिकीट काढून नाटकं का बघतात हे कळत नाही. आमच्याकडे पाच वर्षांतून दोनदा फुकट प्रयोग असतो, आणि शेवटचा अंक कुणालाच पाठ नसतो, नटांनासुद्धा.

सातत्याचा खरा कळस मात्र आश्वासनांत बघावा. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेला मंजुरी दिल्याचं पंतप्रधानांनी जानेवारी 2019 मध्ये सोलापुरात सांगितलं. त्यानंतर दोन लोकसभा आणि दोन विधानसभा होऊन गेल्या. चारही प्रचारांत ही गाडी वेळेवर सुटली, रुळांवर धावायचं तेवढं राहिलं. कृष्णेचं पाणी तर घराण्याच्या वारशासारखं एका जाहीरनाम्यातून दुसऱ्यात उतरतं. 21 टीएमसी हा आकडा इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतो. ढोकीच्या तेरणा साखर कारखान्याच्या चिमणीकडे बघून किती पुढाऱ्यांचा कंठ दाटला, त्याचा हिशेब नाही. 2018 मध्ये केंद्राने जिल्ह्याला 'आकांक्षित' म्हणून जाहीर केलं. आमच्या आकांक्षांवर दिल्लीचा शिक्का बसला, याचा आनंद आहेच.

यात बेभरवशाचं काही उरलं नसेल असं वाटत असतानाच 2025 चा डिसेंबर आला. नगरपालिकांना चार वर्षांनी निवडणूक मिळाली होती. 2 डिसेंबरला मतदान झालं, 3 तारखेला मोजणी ठरलेली. आणि उच्च न्यायालयाने मोजणी थेट 21 तारखेवर नेली. हलगीवाल्याला इसार देऊन बसलेल्या उमेदवारांची काय अवस्था झाली असेल! गुलालाची पोती जिन्याखाली, फटाके माळ्यावर, आणि यंत्रं स्ट्राँगरूममध्ये. थंडीत शेकोट्या पेटवून कार्यकर्ते कुलपावर नजर ठेवून होते, जणू आत मतं नाहीत, अंडी उबवायला ठेवलीत. त्या 19 दिवसांत प्रत्येक उमेदवार निवडून आलेला होता. एवढी समाधानी नगरपालिका या जिल्ह्याने आजवर पाहिली नव्हती. नमस्कार मात्र कमी झाले. 1 तारखेला पाया पडणारा माणूस 5 तारखेला रस्त्यात दिसला, तर कानाला फोन लावून पुढे जायचा. बोलत कुणाशीच नसायचा.

म्हणून पुढच्या वेळी उभं राहणाऱ्या सगळ्या दादांना, भाऊंना, ताईंना एकच विनंती. रंगीत जाहीरनाम्याचा खर्च वाचवा. पत्रकावर फक्त मोबाइल नंबर छापा, आणि निकालानंतर सहा महिन्यांनी तो चालू ठेवा. आम्ही रात्री अकराला लावून बघू.