दिवस सव्वीस तासांचा नसतो, दादा

एडिसन, न्यू जर्सी

तीर्थस्वरूप दादा व सौ. वहिनी,

तुमच्या सईचं नीटच्या, म्हणजे मेडिकल प्रवेशपरीक्षेच्या, अभ्यासाचं वेळापत्रक मिळालं. कॉलेज सात तास, क्लास पाच, घरचा अभ्यास आठ, झोप सहा. बेरीज सव्वीस भरते, आणि आंघोळ त्यात धरलेलीच नाही. जेवणापुढे ‘२० मिनिटे, पाठांतरासह’ असं आहे. हे वहिनींनी लिहिलेलं नाही, एवढं नक्की. पण आमची तक्रार तासांबद्दल नाही. ते लातूरच्या ट्यूशन एरियातलं कुठलंही पोरगं आठवड्याभरात आपसूक कमी करतं. तक्रार अशी, की कोणता धडा कशाच्या आधी व्हायला हवा, याचा या तक्त्यात मागमूस नाही. अकरावी ‘नंतर उरकू’ आणि बारावी ‘आत्ताच सुरू’, हा काय प्रकार?

इथे मेडिकलला अर्ज करण्याआधी बहुतेकांची चार वर्षांची डिग्री होते, आणि त्यात केमिस्ट्रीची एक लांबलचक रांग लागते. जनरल केमिस्ट्रीच्या दोन सेमिस्टर, मग ऑरगॅनिकच्या दोन, त्यानंतर बायोकेमिस्ट्री. मधला विषय गाळून पुढच्यात नाव घालायला गेलं तर कॉलेजचा संगणक सरळ नाही म्हणतो; बाप कितीही मोठा असो, ओळख चालत नाही. म्हणून इथली पोरं आधी रांग मांडतात आणि तास मग वाटतात. रांग लांबली तर अर्ज पुढच्या वर्षी. मेडिकलच्या पहिल्या वर्षाला बसणाऱ्यांचं सरासरी वय चोविसाच्या आसपास असतं, आणि त्यावरून कुणाचं लग्न मोडल्याचं ऐकिवात नाही.

नीटमध्येही हीच रांग आहे, फक्त अडवणारा संगणक नाही. बारावीचं जेनेटिक्स घ्या: अकरावीच्या पेशीविभाजनातली मायोसिस डोक्यात नसेल तर मेंडेलचे वाटाणे नुसते मोजत बसायचे. अकरावीतल्या ऑरगॅनिकच्या मूलतत्त्वांशिवाय बारावीचे अल्डिहाइड-कीटोन म्हणजे निव्वळ घोकंपट्टी. मोल संकल्पना कच्ची असली की अर्धी फिजिकल केमिस्ट्री गेली. आणि फिजिक्सचं तर नवलच. सईनं बी ग्रुप घेऊन गणित सोडलं, म्हणजे ‘सुटलो’ म्हणाली असेल. पण व्हेक्टर, त्रिकोणमिती, आलेख आणि थोडं डिफरन्सिएशन यांच्यावाचून मेकॅनिक्स हलत नाही. सोडलेलं गणित मागच्या दारानं घरात येतंच. तेव्हा पहिले तीन आठवडे फिजिक्सच्या नावाखाली तेच घ्या. तक्त्यात ते कुठेच नाही. ‘प्रेरणादायी व्हिडिओ’ मात्र रोज अर्धा तास आहे.

आता महिने मोजा. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. फेऱ्यांवर फेऱ्या होऊन वर्ग नीट भरायला ऑगस्ट उजाडतो. बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत, नीट मेच्या सुरुवातीला. उजळणी आणि सराव पेपरांना जागा हवी, म्हणजे नवीन धडे बारावीच्या डिसेंबरात संपायला हवेत. हाताशी राहिले सतरा महिने. दोन दिवाळ्या, एखादा टायफॉइड आणि वहिनींच्या माहेरची, नांदेडची लग्नं वजा केली की पंधरा धरा. दोन वर्षांचा अभ्यासक्रम पंधरा महिन्यांत बसतो, पण ओळीनं घेतला तरच.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेत बसून लातूर पॅटर्न शिकवू नका. २०२४ ला नीटला २३ लाखांवर पोरं बसली, एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर. अशा गर्दीत तासच कामी येतात. गर्दी खरी आहे. पण लातूरच्या राजर्षी शाहू आणि दयानंद कॉलेजांनी नाव कमावलं ते सराव परीक्षांवर: पेपर सोडवा, चूक शोधा, पुन्हा सोडवा. चूक शोधायला रिकामा वेळ लागतो, आणि तुमच्या तक्त्यात रविवारसुद्धा भरलेला. शिवाय पेपर १८० प्रश्नांचा, वेळ १८० मिनिटं. बरोबरला ४ गुण, चुकीला १ वजा. जागरणानं जड झालेलं डोकं त्या एका मिनिटात काय ठरवणार? आणि त्यात बायोलॉजीचे ९० प्रश्न, म्हणजे ७२० पैकी ३६० गुण. भीती फिजिक्सची, म्हणून तुम्ही दिवसाचा सगळ्यात चांगला वेळ फिजिक्सला दिलात आणि बायोलॉजी रात्री साडेदहाला ढकललीत.

दुसरा आक्षेप वहिनींचा असणार: पहिल्या झटक्यात नाही लागलं तर? लोक रिपीटर म्हणतील. म्हणू द्या. नीटला किती वेळा बसायचं याला मर्यादा नाही, वयाची वरची अट २०२२ मध्ये काढून टाकलेली आहे. दादा, मृगात पेरल्यावर पाऊस दडला तर सोयाबीनची दुबार पेरणी करायची म्हणून तुम्ही बियाणं राखून ठेवता; पोरीच्या बाबतीतच हात आखडता का? तक्त्याच्या शेवटी ते दुसऱ्या खेपेचं वर्ष आधीच लिहून ठेवा, खर्चासकट: होस्टेल, मेस, टेस्ट सिरीज. शेवटच्या महिन्यात घरात आरडाओरड कमी होईल. लागलं पहिल्याच वर्षी, तर त्या पैशातून तिला नांदेडच्या विष्णुपुरीच्या नाही तर लातूरच्या सरकारी मेडिकलची फी भरा, आणि उरले तर आमच्याकडे एकदा येऊन जा.

नवा तक्ता सईलाच करायला सांगा. तुम्ही फक्त बेरीज तपासा.



तुमचे,
धाकटे भाऊ-भावजय