भावी

तुमच्याही गल्लीत तो असणारच. नसेल तर दिवाळीपर्यंत थांबा. पुण्याहून ट्रॅव्हल्स येतात, त्यातल्या एखाद्या स्लीपरमधून तो पहाटे वाशीमच्या पुसद नाक्यावर उतरेल. अंगात कंपनीचं नाव छापलेला काळा टी-शर्ट, पाठीवर लॅपटॉपची सॅक, कानात ते पांढरं बोंडूक. घरी पोचून चहाचा कप हातात पडायच्या आत तो म्हणेल, “बस काका, अजून आठ-दहा महिने. मग स्वतःचं.”

हे आठ-दहा महिने 2019 पासून चालू आहेत.

गावात त्याला त्याच्या नावानं कुणी हाक मारत नाही, सगळे ‘भावी’ म्हणतात. अकोला नाक्यापासून पाटणी चौकापर्यंत जे फ्लेक्स लागतात ना, भावी आमदार, भावी नगराध्यक्ष, भावी जिल्हा परिषद सदस्य, तसा हा आमचा भावी फाउंडर. त्याला या नावाचा राग येत नाही. का यावा? निवडून आलेला माणूस पुढच्या वेळी पडतो. भावी पदावरून आजवर कुणाला पाडता आलेलं नाही.

बाणेरला चाळीसेक माणसांच्या कंपनीत तो ‘प्रॉडक्ट’मध्ये आहे. ती कंपनी एक सॉफ्टवेअर करते, ते ज्या कंपन्या विकत घेतात त्याही सॉफ्टवेअरच करतात. शेवटी हे सगळं वापरतं कोण, असं मी विचारलं तर तो माझ्याकडे नर्सरीतल्या पोराकडे पाहावं तसं पाहतो. ही नोकरी म्हणजे त्याच्या लेखी नोकरी नव्हेच, ते ‘शिकणं’ आहे. दुसऱ्याच्या पैशानं चुका करून घ्यायच्या आणि मग स्वतःच्या पैशानं करायच्या नाहीत. हिशेब चांगला आहे. अडचण एवढीच, की चुकांचा सिलॅबस संपता संपत नाही.

हे सगळं चाललं असतं. पण मध्यंतरी त्यानं एक पुस्तक वाचलं.

रॉब फिट्झपॅट्रिक नावाच्या माणसाचं ‘द मॉम टेस्ट’, 2013 सालचं. स्टार्टअपवाल्या पोरांत ते पोथीसारखं फिरतं. सार असं, की तुमची धंद्याची कल्पना कुणालाही सांगू नका, कारण सांगितलीत की लोक तुमचं मन राखायला खोटं बोलतात. आई तर पहिली. म्हणून कल्पना लपवायची आणि समोरच्याला त्याच्याच आयुष्याबद्दल विचारायचं: तुझी अडचण काय, ती मागे कधी आली, तेव्हा तू काय केलंस, त्यात पैसा किती गेला. या अडचणीला ती मंडळी ‘पेन पॉइंट’ म्हणतात.

त्या दिवाळीत भावी गावात पेन पॉइंट गोळा करत हिंडला.

पहिले सापडले पारावरचे आबा. “आबा, तुमचा पेन पॉइंट काय?” आबांनी खिशातून बॉलपेन काढून दिला. “घे. पन वापस दे.” मग भावीनं भाषा बदलली. शेजारी मांडी घालून बसला, मोबाइल काढला आणि म्हणाला, “तसं नाही आबा. तुम्हाला दुखतं कुठं?”

“गुडघा,” आबा म्हणाले. “डावा.”

“शेवटचा कधी दुखला?”

“आत्ताच दुखून राह्यला ना बापा.”

“मग त्यावर सध्या काय करता?”

आबांनी रिसोडच्या डॉक्टरपासून बिब्ब्यापर्यंत सगळं सांगितलं. पुस्तकात लिहिलं होतं, समोरच्याला मध्ये तोडू नका. भावीनं तोडलं नाही. तासाभरानं उठला तेव्हा पारावर आणखी चौघं येऊन बसले होते. मळ्यातल्या काकूंची कंबर, सरपंचांच्या सासऱ्याचं मणक्यातलं गॅप, पोस्टमनची टाच. पुण्याहून आलेला पोरगा फी न घेता तपासतो, अशी बातमी दुसऱ्या दिवशी शेजारच्या तांड्यावर गेली आणि तिथून एक आजी रिक्षा करून आल्या. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी भावीनं मला लॅपटॉपवर तक्ता दाखवला. रंगीत. “काका, सगळ्यात मोठा सेगमेंट गुडघा आहे.”

तेव्हापासून त्याचं हे सुटलेलं नाही. न्हाव्याला विचारतो, कंडक्टरला विचारतो. पोहरादेवीला नवमीच्या यात्रेत मिठाईच्या दुकानासमोर लोक बुंदी घेत होते, हा विचारत होता. आमच्याकडे तेराव्याला आला तेव्हा मी डोळ्यांनीच दटावलं, तरी पंगतीत बसलेल्या व्याह्यांना त्यानं विचारलंच. आणि कमाल अशी, की व्याही बोलायला लागले. जेवण गार झालं तरी बोलत होते.

स्थळ पाहायला गेला तिथंही तेच. मुलीचे वडील निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी पगार विचारला, तर यानं निम्मा आकडा रुपयांत सांगितला आणि उरलेला शेअर्समध्ये. शेअर्स चार वर्षांत हळूहळू मिळणार, पहिल्या वर्षाच्या आत सोडलं तर एकही नाही, आणि मिळालेले विकायचे तर कंपनी आधी कुणीतरी विकत घ्यायला हवी. मुख्याध्यापकांनी सगळं ऐकून विचारलं, “आणि ही नोकरी तुम्ही सोडणार आहात?” “आठ-दहा महिन्यांत,” भावी अभिमानानं म्हणाला. पुढे दोघांना बोलायला आतल्या खोलीत बसवलं, तर यानं मुलीला विचारलं, दुखतं कुठं. ती शहाणी होती. म्हणाली, दर पंधरा दिवसांनी साडी नेसून अनोळखी लोकांना पोहे द्यावे लागतात, ते दुखतं. भावी सरसावून बसला. किती वेळ जातो? साडीला इस्त्री कोण करतं? लोक नकार कळवतात की नुसतेच गप्प बसतात? लग्न अर्थातच जुळलं नाही. पण परतीच्या रस्त्यावर गाडीत हा खुशीत. “काय डीप इंटरव्ह्यू झाला काका!” त्याच्या आईनं खिडकीबाहेर तोंड केलं.

आईवरही त्यानं प्रयोग केला होता, पुस्तकाच्या नावातच आई म्हटल्यावर. पण त्या फिट्झपॅट्रिकला वऱ्हाडातली आई भेटलेली नसावी. मन राखायला खोटं बोलणं हा प्रकार आमच्याकडे आयांच्या अभ्यासक्रमात नाही. याला पुरतं तोंड उघडू न देता त्याची आई म्हणाली, “मले काय दुखते ते तुले मालूम आहे. तुहं वय दुखते.”

त्यानं कार्डं छापली तीही गोष्ट सांगायला हवी. इंग्रजी-मराठी दोन्ही बाजूंनी, ‘फाउंडर आणि सीईओ’, कंपनीच्या नावाची जागा मोकळी. आता आमच्या जिल्ह्यात सीईओ एकच असतात, जिल्हा परिषदेचे. भावीनं हौसेनं चार कार्डं पारावर वाटली आणि आठवड्याभरात घरकुलाचे दोन अर्ज, पाणंद रस्त्याचं एक निवेदन आणि अंगणवाडी सेविकेचं थकलेल्या मानधनाचं पत्र, असं त्याच्या ओट्यावर जमा झालं. दुसरा कुणी असता तर हसून फेकून देता. यानं एकेकाला बसवून घेतलं आणि विचारलं, अर्ज शेवटचा कधी केला होता?

कंपनीच्या नावाची जागा मोकळी राहिली, कारण नाव ठरत नव्हतं. मग कुणीतरी त्याला सांगितलं, की वाशीम म्हणजे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, आणि त्यातल्या हरिषेण राजाच्या मंत्र्यानं, वराहदेवानं, अजिंठ्याचं 16 क्रमांकाचं लेणं कोरवून घेतलं. भावीच्या मते ते सीड फंडिंग होतं. त्यानं रातोरात ‘वत्सगुल्म’चं डोमेन घेतलं. बाणेरात ते कुणाला उच्चारता येईना, तेव्हा दुसरं घेतलं. अशी बरीच डोमेनं त्याच्या नावावर आहेत आणि दरवर्षी तो ती न चुकता रिन्यू करतो. गावात एवढ्या नियमानं पैसे भरणारा दुसरा माणूस मला माहीत नाही, आणि मी पतसंस्थेच्या संचालक मंडळावर होतो.

त्याचा पिच डेक मी पाहिलाय. पहिल्या पानावर नीती आयोगाचा आकांक्षित जिल्हा म्हणून वाशीम, त्याच्या नकाशावरून कारंजा, शेलू बाजार, मालेगाव असा जाणारा समृद्धी महामार्ग, लाल रेघेत. दुसऱ्या पानावर जिल्ह्यातलं सोयाबीनचं क्षेत्र. तिसऱ्यावर एक वाक्य: यातला फक्त एक टक्का धरला तरी. त्यापुढे इतकी शून्यं, की प्रोजेक्टरच्या बाहेर गेली असती. माझा या एक टक्क्यावर राग आहे. साऱ्या देशाच्या स्टार्टअपवाल्यांना हा एक टक्का आयता पडलेला दिसतो, जसं काही तो कुणीतरी वेगळा काढून, पोत्यात भरून, पत्ता लिहून ठेवलाय. बाजार समितीत चार पिढ्या अडत करणाऱ्यालासुद्धा एक टक्का मिळवायला काय काय करावं लागतं, हे त्या डेकवाल्यांनी एकदा मोंढ्यात उभं राहून बघावं.

त्या डेकमध्ये एक आकडा नाही. महिन्याच्या एक तारखेला तो घरी पाठवतो ते पैसे. वडील गेल्यावर सोसायटीचं पीककर्ज त्याच्या नावावर आलं, बहिणीचं लग्न झालं, घरावर स्लॅब पडला. आठ-दहा महिने पुढे पुढे का जातात ते मला त्यातून कळलं. त्याच्या तोंडून कधीच नाही. विचारलं तर म्हणतो, “मार्केट टायमिंग.”

आता 2024 च्या दिवाळीचं सांगतो. सोयाबीन काढणीला पाऊस लागला होता. हमीभाव 4892, बाजारात चार हजारांच्या आगेमागे. सरकारी केंद्रावर घालावं तर 12 टक्क्यांच्या वर ओलावा चालत नव्हता. (नोव्हेंबरच्या मध्याला दिल्लीहून ही अट 15 टक्क्यांपर्यंत सैल झाली. विधानसभेचं मतदान 20 तारखेला होतं.) भावी नेहमीप्रमाणे दुखणी विचारत मोंढ्यात पोचला आणि तिथं मात्र त्याला गुडघा कुणी सांगितला नाही. सगळ्यांनी एकच सांगितलं: मॉश्चर. पिकअप भाड्यानं करून माल आणावा, तर तिथलं यंत्र 16 दाखवतं. परत न्यावा तर पुन्हा भाडं. म्हणून पडेल त्या भावात देऊन टाकायचा. खेडा खरेदीवाला दारात येतो, तो तर मूठभर दाणे दाताखाली फोडून 17 म्हणतो. घरी मोजायला काही नाही, म्हणून समोरचा म्हणेल तो आकडा खरा.

या वेळी त्यानं तक्ता केला नाही. पुण्याहून हातात मावणारं ओलावा मोजायचं मीटर मागवलं, स्वतःच्या पैशानं, आणि सुट्टी वाढवून ओट्यावर बसला. बायका पदरात, माणसं रुमालात दाणे बांधून आणू लागली. आधी बाजार समितीच्या यंत्राशी त्यानं मीटर पडताळून घेतलं होतं. आकडा सांगायचा, मग पाटीवर खडूनं हिशेब: 16 चा एक क्विंटल वाळवून 12 वर आणला तर साडेपंच्याण्णव किलो भरतो. साडेचार किलो जातात. तेवढं वजन गेलेलं परवडतं का, की आजच द्यायचं, ते तुम्ही ठरवा. माझं सोयाबीन त्याच पाटीनं मी आणखी तीन उन्हं ताडपत्रीवर ठेवलं. खेडा खरेदीवाला मूठ तोंडात टाकणार, तर आमच्या हिनं आतून ओरडून सांगितलं, “तेरा आहे, चावू नका.”

मी भावीला म्हटलं, अरे, हाच की तुझा धंदा. तो दुखावला. “याचं काही नाही काका. हे स्केल होत नाही. एक मीटर, एक ओटा. याला रेव्हेन्यू मॉडेलच नाही.” सुट्टी संपली तसा तो ट्रॅव्हल्सनं गेला, मीटर कपाटावर ठेवून.

लोक यायचे थांबले नाहीत. त्याची आई चष्मा लावून बसू लागली. दाणे किती घालायचे, बटण कुठलं, आकडा स्थिर कधी होतो, हे तिनं दोन दिवसांत बसवलं. तिसऱ्या दिवशी दारावर पुठ्ठा लागला: एका वेळचे दहा रुपये, उधारी नाही. तुरीच्या वेळेला शेजारच्या गावचे येऊ लागले. हरभऱ्याला तिनं आणखी एक मीटर मागवलं आणि ते माहेरी, भावजयीकडे ठेवलं. तिथले दहातले चार हिच्याकडे येतात.

भावीला हे मीच फोनवर सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग आईला फोन द्या म्हणाला. तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, पण इक्विटी असा शब्द एकदा आला. आई ऐकत होती, दाणे निवडत.

“मीटर तुहं आहे, खरं आहे,” ती शेवटी म्हणाली. “पन सेल माह्या पैशाचे हायेत. तुले पायजे त सुट्टीत ये आन् बस ओट्यावर. दिवसाचे तीनशे देईन.”